रईस एफेंदी, मुक्काम उदगीर

दाजी,

तुमच्या दहाव्याला चहा झाला, तिथूनच सांगायला सुरुवात करतो. तुम्ही असता तर बाकी काही न विचारता पहिलं तेच विचारलं असतं, "बोलले का दोघं?"

नाही बोलले.

उदगीरच्या तुमच्या पुढच्या खोलीत नाना भिंतीला टेकून बसला होता आणि छबू दाराच्या अंगाला, अक्काच्या पाठीशी. मधे मी. ट्रे आला तसा नाना माझ्याकडं बघून म्हणाला, "बापू, तिला इचार, चहा घेती का." छबू इतकी जवळ होती की तिनं हात लांब केला असता तर नानाच्या टोपीला लागला असता. तीही माझ्याकडं बघून म्हणाली, "त्याला सांग, झाला माझा." मी नानाकडं वळलो आणि म्हणालो, "झाला म्हणती." नाना म्हणाला, "ऐकलं मी."

मग खोलीतल्या सगळ्यांनी एकदम खिडकीजवळच्या तुमच्या वेताच्या खुर्चीकडं बघितलं. तुम्ही असता तर "झाला माझा" याचं तुम्ही काहीतरी करून दाखवलं असतं. "छबू म्हणती, नाना, तुम्ही आधी घ्या, तुमचा प्रवास लांबचा झालाय," असं काहीतरी. नानानं कप उचलला असता. तुम्ही गेल्याचं मला तेव्हा कळलं. त्याआधी स्मशानात कळलं होतं, पण ते सगळ्यांबरोबर कळलं होतं.

कोण कुणाचं ते आधी मांडून घेतो. ही शिस्तही तुमचीच. सुलतानाच्या दरबारात वकील आला की पहिल्यांदा तो कुणाकडून आलाय ते पुकारलं जायचं, असं तुम्ही सांगायचात. तर नाना आमचा थोरला, उमरीजवळच्या आमच्या गावात शेती बघतो. त्याच्या पाठची अक्का, म्हणजे तुमची बायको. तिच्यामागं मी, लातूरला विमा विकणारा. लोकांना मरणाची आठवण करून देऊन जगणारा माणूस, आणि तरी कुणाला काही पटवून देता न येणारा. शेवटची छबू, औशाला दिलेली. आणि तुम्ही, उदगीरचे जावई, इतिहासाचे मास्तर, आमच्या घराचे परराष्ट्रमंत्री.

हे पद तुम्हाला कुणी दिलं नव्हतं. तुम्हीच घेतलंत. जावयानं आमच्याकडं पाट मांडून बसायचं असतं, नारळ घ्यायचा, टोपी-उपरणं घ्यायचं आणि भाजी बरी झालीय म्हणायचं. तुम्ही लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाटावरून उठलात आणि आमच्या चुलत्याचा बांधावरचा वाद मिटवायला निघालात. आई दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तुम्ही जावई हाव." तुम्ही चपला घालत म्हणालात, "म्हणूनच जातो. घरच्याला ते आत घेणार न्हाईत." पुढं मला कळलं की हेसुद्धा तुम्ही तुर्कांकडून उचललं होतं.

तुर्कस्तान तुमच्या वाट्याला कसं आलं, ते तुमच्याइतकं रंगवून मला सांगता येणार नाही. तुम्ही नांदेडला शिकत होता आणि तुमच्या गाईड सरांना कळलं की आजोबांच्या नादानं तुम्हाला उर्दू वाचता येतं. सर म्हणाले, "मग तू तुर्कस्तान घे. लिपी एकच आहे." तुम्ही आनंदानं घेतलं. विषय ठरला: तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री आणि त्यांची कचेरी. कागद आले तेव्हा उमगलं की जुनं तुर्की तुम्हाला घडाघडा वाचता येतं आणि त्यातलं फारसं काही कळत नाही. आणि नवं तुर्की तर त्या लोकांनी कधीचंच इंग्रजी अक्षरांत नेऊन ठेवलंय. "बापू, अर्धं वाचता येतंय पण समजत न्हाई, अर्धं वाचताबी येत न्हाई," असं म्हणून तुम्ही हसायचात. दुसऱ्या कुणी विषय बदलला असता. तुम्ही भाषा शिकत बसलात. प्रबंध काही झाला नाही. झाला तो उदगीर ते लातूर, लातूर ते औसा, लातूर ते उमरी अशा यष्टीच्या फेऱ्यांमध्ये, तोंडी, आणि ऐकणारा मी एकटा. तुमची पिशवी धरून मी मागं असायचो. "तिसरा सचिव" म्हणायचात मला. पहिला आणि दुसरा कोण, असं मी एकदा विचारलं तर म्हणालात, "त्या जागा रिकाम्या हायत. तू अर्ज करू नको."

तुमच्या गोष्टी मी आता आठवून आठवून जुळवतोय, कारण तुम्ही कागदावर एक ओळ ठेवली नाहीत. याचंच मला हसू येतं, आणि मग येत नाही. तुर्कांचा परराष्ट्रमंत्री मुळात कारकुनांचा म्होरक्या. रईस-उल-कुत्ताब. लिहिणाऱ्यांचा प्रमुख. वजिराच्या कचेरीत फर्मानं आणि तहनामे लिहिणारा माणूस, लिहिता लिहिता परदेशच्या वकिलांशी बोलायला लागला. बोलता बोलता तेच त्याचं काम झालं आणि परदेशी लोक त्याला रईस एफेंदी, म्हणजे रईससाहेब, म्हणायला लागले. पुढं सुलतानानं त्या कचेरीचं रीतसर खातं केलं. जिथं प्रत्येक शब्द लिहून ठेवायचे त्या खात्याचा तुम्ही आयुष्यभर अभ्यास केलात, आणि आमच्या घरातले सगळे तह डोक्यात घेऊन गेलात.

अक्का तुम्हाला त्यावरून चिडवायची. आपण सगळे मराठवाड्यातले तुर्कांचे सोयरे, असं तुम्ही सांगायचात ना, निजामाच्या घरात खलिफाची लेक सून म्हणून आली म्हणून. अक्का भाकरी थापताना म्हणायची, "मग एवढ्या वर्षांत त्यांनी एकदा तरी मूळ धाडायला नको व्हय?" तुम्ही गंभीर चेहरा करून सांगायचात, "पत्र टाकलंय."

मूळ. त्याच्यावरच तर सगळं अडलंय, दाजी.

नानाच्या थोरल्याचं लग्न होतं. लेकीबाळींना आणायला घरचं माणूस जातं, दारात जाऊन कुंकू लावतं, तिच्या सासूशी दोन शब्द बोलतं आणि तिला संगं घेऊन येतं. त्या बोलावण्याला मूळ म्हणतात आणि जाणाऱ्याला मुराळी. भाऊ जातो, भावाचा पोरगा जातो. त्या वेळी मांडवाची घाई होती. मी जातो म्हणालो तर नाना म्हणाला, "तू गेल्यावर आचाऱ्याकडं कोण बघंल? मोबाइल कशाला घेतलेत सगळ्यांनी?" त्यानं छबूला मोबाइलवर पत्रिका धाडली आणि फोन करून सांगितलं, "ये गं." त्याला वाटलं, झालं. तिकडं औशात छबूच्या सासूनं सांगितलं, माहेरचं माणूस दारात आल्याबिगर आमची सून जात न्हाई. छबू नवं लुगडं नेसून, बॅग भरून ओट्यावर बसली होती. जीप येईल, मुराळी येईल, निदान बापू तरी येईल म्हणून. इकडं अक्षता पडेपर्यंत नाना मंडपाच्या दाराकडं बघत होता. सख्ख्या बहिणीला बोलावणं लागतं? हे त्याचं म्हणणं. सख्ख्या भावाला रस्ता म्हाईत न्हाई? हे तिचं. आणि दोन्ही म्हणणी इतकी बरोबर की त्यांना कापायला जागाच नाही.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. पंचमी आली की नाना उगाच बैलांवर ओरडायचा. पंचमीला आमच्याकडं प्रत्येक लेक येते. लिंबाला झोका बांधतात, पुरणाची दिंडं करतात. त्या झोक्यावर शेजारपाजारच्या लेकी बसायच्या.

औशाला जाताना यष्टीत तुम्ही मला सांगितलं होतं की कित्येक पिढ्या तुर्कांच्या सुलतानानं कुणाच्याही दरबारात आपला कायमचा वकील ठेवला नाही. ज्याला काम आहे त्यानं आमच्या दारात यावं. आलेल्याला ताटकळत ठेवायचं, मग जेवू घालायचं, अंगावर झगा चढवायचा आणि दोन्ही बाजूंनी दंड धरून सुलतानापुढं उभं करायचं. "आपल्याकडं जावयाला नेतात तसं," मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "हाव. आन् लढाई सुरू झाली की त्याच वकिलाला सात बुरुजांच्या किल्ल्यात डांबायचं. आपल्याकडं तेवढं न्हाई अजून." मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "वकील धाडायला ते कधी शिकले म्हाईत हाय? लढाया हरायला लागल्यावर. जिंकणाऱ्याला परराष्ट्रमंत्री लागत न्हाई, बापू."

नाना हरायला लागला होता हे तुम्हाला दिसलं होतं. मला फक्त तो ओरडताना दिसत होता.

तुमचं काम मी डोळ्यांनी बघितलंय. नाना म्हणायचा, "तिला म्हणावं, यायचं आसंल तर ये, न्हाईतर तिकडंच ऱ्हा." तुम्ही कानामागं हात धरून पुढं वाकायचात, "काय म्हणलात, नाना? पंख्याचा आवाज हाय." नानाला परत सांगावं लागायचं, आणि परत सांगताना तो "तिकडंच ऱ्हा" गाळायचा. हा डाव कुणाचा ते तुम्ही मला पुढं सांगितलंत. लढाई संपल्यावर तुर्कांनी एका सेनापतीलाच परराष्ट्रमंत्री करून स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठी तह करायला पाठवला. त्याला ऐकू कमी यायचं. समोरचा इंग्रज साहेब तासभर झापायचा आणि हा शांतपणे म्हणायचा, ऐकू आलं नाही. "शिवी दुसऱ्यांदा देताना तिच्यातली अर्धी हवा जाती," तुम्ही म्हणालात. "बहिरेपणावर त्यानं देश सोडवला. आपल्याला एक पंचमी सोडवायचीय."

मग औशात छबूच्या ओट्यावर बसून तुम्ही सांगायचात, "नाना म्हणाले, छबूच्या आवाजाबिगर घर कसं सुनं सुनं वाटतंय." मी खाली मान घालून चिवडा खायचो. छबू म्हणायची, "म्हणू द्या की." पण तेवढ्यात उठून तुमच्यासाठी आणखी चहा टाकायची. परत उमरीकडं जाऊन तुम्ही नानाला सांगायचात, "छबू तुमची पाठ कशी हाय इचारत होती." आणि नाना हात मागं नेऊन पाठ चाचपायचा, जणू ती आत्ताच दुखायला लागली.

यावरून आपलं भांडण झालं, आणि ते अर्धवट राहिलं. औशाहून परत येताना मी चिडलो होतो. म्हणालो, "दाजी, हे खोटं हाय." तुम्ही म्हणालात, "तर्जुमा हाय." मी म्हणालो, मंत्री म्हणजे पोस्टमन. चिठ्ठी आली तशी नेऊन द्यायची, आत काय लिहायचं ते मालकाचं. तुम्ही मला इस्तंबूलच्या ग्रीक दुभाष्यांचं सांगितलं. दरबाराला परदेशच्या भाषा येत नव्हत्या, म्हणून ते परक्या घरचे, परक्या धर्माचे लोक मधे उभे राहून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडं न्यायचे. नेता नेता त्याची धार बोथट करायचे. "ते घरचे न्हवते म्हणून त्यांना जमायचं. मी तुमच्या घरचा न्हाई, जावई हाय," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, त्यांचं पुढं काय झालं. ग्रीकांनी बंड केलं तेव्हा सुलतानानं आपल्याच दुभाष्याला मारलं, असं तुम्ही सांगितलंत. सुलतान गेल्यावर तुर्कांचं प्रजासत्ताक झालं, त्यातही पुढं एक परराष्ट्रमंत्री फासावर गेला, त्याच्याबद्दलही तुम्ही एवढंच सांगायचात: "बाहेरच्यांनी न्हाई मारलं त्याला, बापू."

मी तरी सोडलं नाही. म्हणालो, "उद्या दोघं समोरासमोर आले, आणि तुमचं खोटं उघडं पडलं, तर?" तुम्ही पिशवीचे बंद आवळत म्हणालात, "त्याचं उत्तर लई सोपं हाय. सांगतो." तेवढ्यात लातूर आलं. कंडक्टरनं घंटी मारली, मी उतरलो, तुम्ही उदगीरला पुढं गेलात. नंतर मी विचारायला विसरलो. कधीतरी विचारू म्हणालो. माणूस असला की असं होतं.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी फोन केलात. आवाज खुशीत होता. "बापू, बोलणी पक्की झाली. पंचमीला तू फक्त माझ्यासंग चल. बाकी मी बघतो." मी म्हणालो, काय ठरलं ते तरी सांगा. म्हणालात, "तुर्कांच्या एका मंत्र्यानं जाहीर केलं होतं, शेजाऱ्यांशी एकबी भांडण ठेवायचं न्हाई. आधीच जाहीर केलं, तिथं घोळ झाला. मी जाहीर करत नसतो." आणि मधेच, जाता जाता विचारलंत, "पंचमीला तुझ्याकडं कोण कोण असतं?" मी म्हणालो, आम्ही दोघंच, पोरं पुण्याला. "बरं हाय," म्हणालात आणि फोन ठेवलात. दुसऱ्या दिवशी कुंड्यांना पाणी घातलंत, खुर्चीत बसलात, आणि अक्का चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही नव्हता.

तेराव्याला अक्का मला म्हणाली, "बापू, माझ्या घरात यंदा सण न्हाई. पण छबूला गावाकडं आण. त्यांचं तेवढंच राहिलंय." तिच्यापुढं मला नाही म्हणता आलं नाही. खरं म्हणजे कुणापुढंच येत नाही, म्हणून माझ्याकडून लोक विमा घेत नाहीत आणि मीच त्यांच्याकडून लग्नाच्या पत्रिका घेऊन येतो.

तर मी औशाला गेलो. मुराळी म्हणून. तुमचीच पिशवी घेतली, कुंकवाची पुडी घेतली. छबू ओट्यावर तूर निवडत होती. मला बघून म्हणाली, "तू व्हय." मी म्हणालो, मूळ घेऊन आलोय, नानाचं. ती सुपात बघत म्हणाली, "नाना सोता येणार होता की. दाजी तसं बोलून गेलेत."

मी पुडी खिशातच ठेवली, दाजी. कारण तिकडं नानानं मला निघताना फोनवर सांगितलं होतं, "तू कशाला जातो? ती सोता येणार हाय, मूळ न लावता. दाजीनं ठरवलंय." तुम्हीच सांगितलेला तुर्कांचा तो तह मला आठवला, ज्याच्या दोन भाषांतल्या दोन प्रती होत्या आणि दोन्हीत वेगवेगळं लिहिलं होतं. तेव्हा मी हसलो होतो.

काय करावं सुचेना, म्हणून मी तुमच्यासारखं करायला गेलो. घसा साफ केला आणि म्हणालो, "नाना तुझी लई आठवण काढतो गं. परवा तुझ्या हातची दिंडं आठवून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं."

छबूनं सूप खाली ठेवलं. "नानाला दिंडं आवडत न्हाईत, बापू. ल्हानपणापासून. ताटात वाढलं तर माझ्या ताटात टाकायचा."

आणि ती हसायला लागली. पदर तोंडावर धरून हसली आणि मग तो पदर तिथंच राहिला. मी पिशवीचे बंद सोडत आणि बांधत बसलो.

"दाजी असल्या चुका करायचे न्हाईत," ती पदराआडून म्हणाली.

"तुला म्हाईत होतं?" मी विचारलं. "ते नानाचं म्हणून सांगायचे ते…"

"नाना माझा भाऊ हाय. घर सुनं सुनं वाटतंय असलं नाना मेला तरी बोलायचा न्हाई. मला कळत न्हाई व्हय? पण उदगीरहून यष्टीत बसून एक म्हातारं माणूस माझ्या दारात खोटं बोलायला येतंय. कुणी येतं का एवढं? मी ऐकून घ्यायची." मग डोळे पुसून म्हणाली, "नानाला सांग, मी वाट बघती. तू न्हाई यायचं. त्यानं यायचं."

मी लातूरला न थांबता सरळ गावाकडं गेलो. नाना लिंबाखाली होता. फांदीवर दोर टाकून बघत होता. कुणासाठी, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी जसंच्या तसं सांगितलं. पोस्टमन.

"अजून?" नाना म्हणाला.

"बस् एवढंच."

"अजून काही म्हणली आसंल की."

"न्हाई, नाना."

त्यानं दोर ओढून बघितला. "दाजी असते तर अजून चार गोष्टी सांगितल्या असत्या."

"त्या त्यांच्या मनाच्या असायच्या, नाना."

"मला काय खुळा समजतो व्हय? छबूला माझ्या पाठीचं कुणी सांगितलं? दाजीनंच सांगायचं आन् दाजीनंच तिच्या नावावर येऊन इचारायचं." त्यानं दोराची गाठ सोडली आणि परत तशीच मारली. "ऐकायला बरं वाटायचं."

तुमचं उत्तर मला मिळालं, दाजी. खरंच लई सोपं होतं. उघडं पडायला काही झाकलेलंच नव्हतं. फक्त मला एकट्याला वाटत होतं की तुम्ही दोघांना फसवताय. तिसरा सचिव. अर्ज करू नको म्हणालात ते बरोबर होतं.

मी नानाला म्हणालो, मग तूच जा की औशाला. तो म्हणाला, "जाईन. पण ती येणार म्हणून दाजी बोललेत. दाजीचा शब्द मी मोडू व्हय?" तिकडं तीही हेच म्हणणार. तुमचा मान राखायचा म्हणून दोघंही जागचे हलेनात. तुम्ही दोघांना दोन वेगळे शब्द दिलेत आणि आता दोघं ते शब्द असे जपून बसलेत की मी कुणाच्या हातून कसा काढून घेऊ? खरं सांगितलं तर तुम्ही खोटे ठरता. दोघांनाही तुमचं खोटं चालायचं, पण आता तुम्ही नाही, तर चालणार नाही. असं कसं असतं, ते मला समजत नाही. तुम्ही समजावलं असतं. एखादा वजीर काढला असता.

घरी आल्यावर मी त्या शेवटच्या फोनवर विचार करत बसलो. "पंचमीला तुझ्याकडं कोण कोण असतं?" तुम्ही असं कधी विचारत नव्हता. आम्ही दोघंच असतो म्हटल्यावर "बरं हाय" म्हणालात. तळ्याकाठचा तो तह ना तुर्कांच्या घरी झाला, ना साहेबाच्या. औसा एकीकडं, गाव एकीकडं, मधे लातूर, माझं घर. तुम्ही प्रत्येकाला, दुसरा निघालाय, तूही लातूरपर्यंत ये, असं सांगणार होता का? नाना औशाला निघालाय, छबू गावाला निघालीय, आणि दोघं माझ्या दारात? असेल. किंवा तुम्ही नुसतीच चौकशी केली असेल आणि मी तुमच्या एका वाक्यावर एवढं घर बांधून बसलो असेन. विचारायला कुणी नाही. बायकोला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही आधी चार दिंडं करायला शिका, मग तह करा."

पंचमी जवळ आलीय. नानाचा झोका बांधून झालाय. अक्का रोज विचारते, मी रोज "बघतो" म्हणतो, आणि तिला कळतं की मी काही बघत नाही.

म्हणून आत्ता हे लिहिता लिहिता मी छबूला फोन लावला. विम्याच्या पहिल्या फोनाआधी केलं होतं तसं, वाक्य आधी दोनदा मनात घोकलं. म्हणालो, "छबू, पंचमीला लातूरला ये, माझ्याकडं. नानाबी येतोय. तुझ्यासाठीच येतोय." नानाला अजून विचारलेलं नाही, दाजी. विचारायचा धीर झालेला नाही.

तिच्या मागं कुठंतरी कुकर वाजत होता.

"खोटं बोलायलास ना, बापू?"

"हाव," मी म्हणालो. तुम्ही असं कधीच म्हणाला नसता.

मला वाटलं, आता ठेवेल. कुकर परत वाजला. कुणीतरी बंद केला. मग तिनं फोन या कानावरून त्या कानावर घेतल्यासारखा आवाज आला आणि ती म्हणाली, "बरं. अजून काय म्हणला नाना?"

दाजी, पुढचं वाक्य सांगा. ती फोन धरून आहे.